चालू गाडीची बॅटरी काढली जाणार नाही

हां, तर चांगुणाबाईनं माझ्या मनगटावर ओला फडका हाणला, तिथं काल आपण थांबलो होतो. फटका चांगला सणसणीत बसला होता. आता आठवला की मला हसू आवरत नाही, पण त्या दिवशी फाट्यावर कोणीच हसत नव्हतं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. साल अठ्ठ्याण्णव, जानेवारी महिना. सुप्याच्या फाट्यावर चांगुणाबाईचं बॅटरीचं दुकान होतं. नवरा वारला तेव्हा आम्ही सगळ्यांनी दुकान बंद पडलं असंच धरलं होतं. तर तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी बाईनं स्वतः शटर वर केलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण बॅटरीचं अधिक टोक कुठलं आणि उणं कुठलं, हे ती बोट फिरवून सांगायची. ॲसिडचे थेंब उडून तिच्या एकूणएक लुगड्याला बारीक भोकं पडलेली. कोणी त्यावरून बोललं की म्हणायची, "आमच्या धंद्याची नक्षी हाय ती."

तर त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला फाट्याजवळच्या कंपनीच्या गेटपासून दहाबारा कामगारांनी ढकलत ढकलत एक नवीकोरी मोटार तिच्या दारात आणली. कंपनीच्या मोठ्या साहेबांची. ड्रायव्हर सम्राट, भिंगारचा, नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेले. सकाळी पुण्याहून येताना दाट धुकं होतं म्हणून त्यानं दिवे लावले, आणि इथं पोचल्यावर ते बंद करायचे राहून गेले. बॅटरी ठार उतरली. धक्का मारून पाहिला तर गाडी चालू होईना. जुन्या गाड्यांसारखी ती नव्हतीच. पेट्रोल किती सोडायचं हे आत बसवलेला कॉम्प्युटरचा डबा ठरवायचा, आणि त्या डब्यालाच वीज नव्हती.

"मावशी, चार वाजता साहेब पाहुण्यांना घेऊन निघणारेत," सम्राट म्हणाला. तो सारखा घड्याळ पाहत होता. "पाहुण्यांचं रात्री विमान आहे. गाडी बंद दिसली तर माझी नोकरी गेली म्हणून समजा. त्या आदिनाथ ड्रायव्हरला कसं उभ्या उभ्या काढलं, माहीत आहे ना?"

फाट्यावर ते सगळ्यांनाच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी साहेबांची आधीची गाडी याच दुकानासमोरून ट्रकवर चढवून पुण्याला न्यावी लागली होती. ड्रायव्हरनं काहीतरी उपद्व्याप करून कॉम्प्युटर जाळला, असं लोक म्हणत. आदिनाथ पाथर्डीकडचा. तो गेला तो गावाकडं, आणि आता कोयता घेऊन ऊसतोडीला जात होता.

त्याचं नाव निघालं तशी चांगुणाबाई खाली मान घालून उगाचच हात पुसत राहिली. मग म्हणाली, "चार्जरला लावली असती, पर लाईट गेलीय."

तेवढ्यात पुंजाराम ट्रकवाला पुढं झाला. "लाईट कशाला पायजे? माझ्या ट्रकाला वायर जोडा की! एका झटक्यात उठंल."

"तुझ्या ट्रकाला चोवीस व्होल्ट, हिला बारा. उठंल कशाची, मरंल."

पुंजाराम मागं सरला आणि मला जोर आला. माझी जीप बारा व्होल्टचीच होती. आमच्याकडं बॅटरी विरजणासारखी उसनी जायची. जीपची बॅटरी काढायची, बंद गाडीत ठेवायची, गाडी सुरू झाली की तशीच चालू इंजिनावर उचलून घ्यायची आणि त्या गाडीची मूळची बॅटरी परत बसवायची. अर्ध्या तालुक्याच्या गाड्या मी अशा उठवल्या होत्या. मी पाना घेऊन मोटारीच्या बॅटरीला हात घातला, आणि फडका बसला तो इथंच.

"आबासाहेब, हात मागं घ्या!"

"अगं, जन्मभर असंच करत आलोय मी!"

"तुमची जीप म्हंजी म्हैस. तिला काय बी चालतं. हिची बॅटरी चालू इंजिनावर काढली तर ती वीज जाईल कुठं? सगळी त्या डब्यात घुसंल."

तिच्या दुकानावर तशी पाटीच होती: 'चालू गाडीची बॅटरी काढली जाणार नाही.' दोन वर्षांपूर्वी बाई दोन दिवस दुकान बंद ठेवून पुण्याला जाऊन आली, आणि आल्याआल्या तिनं ती पाटी रंगवून घेतली. आम्ही तिची थट्टा केली होती.

साडेतीन झाले. तिनं जीप मोटारीजवळ घ्यायला लावली आणि तिचं इंजिन बंद करवलं. सम्राटच्या गाडीची चावी काढून घेतली. लाल वायरनं अधिकाला अधिक जोडलं. काळीचं एक टोक जीपच्या उण्याला लावलं, दुसरं मात्र तिनं मोटारीच्या बॅटरीला लावलंच नाही, लांब इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं. बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर भडका उडतो म्हणाली. मग दोन्ही बॅटऱ्यांच्या खुणांवरून तिनं तीनदा बोट फिरवलं.

"आता थांबायचं."

"मावशी, पावणेचार होत आले!"

"घड्याळ खिशात घाल. जीपच्या बॅटरीतली थोडी वीज पिऊ दे तिला."

पावणेचारला तिनं चावी दिली. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प बसलं. सम्राट परत चावी फिरवणार, तोच ती ओरडली, "नगं! आणखी पाच मिन्टं." पाच मिनिटं संपत आली. तिकडं कंपनीचं गेट उघडलं. साहेब बाहेर आले, त्यांनी गर्दी पाहिली आणि ते सरळ आमच्याकडं चालत निघाले.

"मार चावी."

आणि गाडी सुरू झाली! लोक ओरडले, सम्राट आनंदानं वायर उपटायला धावला.

"आधी दिवे लाव! पंखा लाव! झटका बसला तर जायला वाट नगं व्हय त्याला?"

दिवे लागले. तिनं इंजिनावरची काळी वायर काढली, मग लाल. मोटारीची बॅटरी जागची हलली नव्हती. इंजिन एकसुरात चालत होतं. आतला धोक्याचा दिवा लागला नाही.

साहेब येऊन उभे राहिले. सम्राटनं दिव्यांचं खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं, चालू इंजिनाकडं पाहिलं आणि म्हणाले, "पुन्हा होऊ देऊ नका." मग चांगुणाबाईकडं वळून हसले. "बाई, कमाल केलीत. एवढं त्या आदिनाथला ठाऊक असतं तर माझी पहिली गाडी वाचली असती. तुम्ही कुठं शिकलात हे?"

पुण्याला, एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं. सगळा फाटा ऐकत होता, आणि या फाट्यावरच तिचं दुकान चालायचं. तिनं फडका खाली ठेवला.

"सायेब, आदिनाथनं तुमच्या गाडीला हात बी लावला न्हवता. चालू गाडीची बॅटरी म्या काढली हुती, ह्याच हातांनी, अन् त्यो माझं नाव न घेता निघून गेला."