झरीच्या मोहाखाली अस्वलाची भेट

सुषमे, अशी जवळ सरक बरं, आणि तो मोबाईल ठेव बाजूला. परदेशातला झाडाला उलटा लटकलेला स्लॉथ तू मला चारदा दाखवलास. गोड आहे बिचारा, त्याचंही जंगल तुटतंय म्हणतेस, वाईट वाटतं. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं अस्वल पाहिलंस का कधी? त्याची लांब नखं पाहून गोऱ्या साहेबांनी त्यालाही स्लॉथच समजलं म्हणे. घरचं सोडून बाहेरच्याचं कौतुक! शोभतं का तुला?

आता ऐक. चैत्रात मी एसटीनं झरी तालुक्यातल्या मुकुटबनला उतरले. तिथून ऑटोनं भीमाबाईच्या पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) निघाले. भीमाबाई माझी बाजारातली मैत्रीण, दर वर्षी बोलावते. वाटेत ऑटो पंक्चर झाला, मग काय, सावल्या शोधत पायीच. साग उघडाबोडका, पण वारा आला की मोहाचा वास असा, जणू कुठं गूळ शिजतोय.

भीमाबाईनं भाकर, अंबाडीची भाजी आणि तीळ घालून कुटलेल्या मोहाचे लाडू वाढले. मी खातच सुटले. तेवढ्यात तिची जाऊ सखू आली. गेल्या वर्षी अंधारात एकटी मोहाची फुलं वेचताना अस्वलानं तिचा खांदा फाडला होता. तिनं सुतळी बॉम्ब समोर ठेवला.

"उद्या त्या अस्वलीच्या कपारीतच फोडतो. पुन्हा इकडं फिरकन नाही."

"तिले पिल्लं हायेत व, सखू," भीमाबाई म्हणाली.

"मंग माह्या खांद्यावरची खूण कोन पुसन?"

भीमाबाईनं तिच्या हातावर एक लाडू ठेवला.

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही पाचजणी निघालो. सखूचं तसं झाल्यापासून पोडावर नेमच आहे: उजेडात जायचं, मिळून जायचं आणि मोठ्यानं बोलत जायचं. माणूस येतंय हे कळलं की अस्वल आपण होऊन बाजूला होतं. दचकलं तरच अंगावर येतं. मी बडबडी, म्हणून मला सगळ्यात पुढं घातलं. चढावर मला धाप लागली.

"चूप काहून झाली व बुढे? बोल ना जोरानं!" भीमाबाई ओरडली.

"घरी सुना मले चूप बसा म्हनतात!" मी म्हटलं.

"सुनाईले आन इकडं, मंग समजन!"

मग मी माझ्या नणंदेच्या लग्नातले रुसवेफुगवे जंगलाला ऐकवत निघाले.

आणि नाल्यापलीकडे, लांब, मोहाखाली ती दिसली. काळी, झिपरी, छातीवर पांढरा पट्टा. तोंडानं फुर्र फुर्र करत फुलं ओढत होती. पाठीवर दोन पिल्लं! एक घसरलं, केसाला लोंबकळलं, पाय झाडत पुन्हा वर चढलं आणि भावाच्याच डोक्यावर बसलं. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो गं! आमची चाहूल लागताच तिनं उभं राहून हुंगलं आणि पिल्लांसकट कपारीकडे निघून गेली.

सखूचा हात ओच्यात (लुगड्याच्या खोचलेल्या घोळात) होता. तिथंच बॉम्ब अन् आगपेटी.

"चाल ना. फोडाचा नाही का?" एकीनं विचारलं.

सखूनं ओच्यातला हात रिकामाच बाहेर काढला. "लेकरं पाठीवर घेऊन वेचाले येते ते. मी बी माहे दोन असेच आनत होती. त्या रोजी ते बी भेली असन." मग एकदम म्हणाली, "दिवाळीले फोडू. आन त्या झाडाखालचं उचलू नोका, तिचं जेवन अर्धं राह्यलं."

बाकीच्या झाडांखाली त्यांनी फुलं झेलायला जुनी लुगडी अंथरली. पूर्वी मोह वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला जाळत. त्यातून जंगल पेटतं, वारुळं करपतात. मग वाळवी-मुंग्यांवर जगणाऱ्या अस्वलानं खायचं काय?

परतताना एसटीत मी विचार करत होते. सखूची भीती काही गेली नाही, जायचीही नाही. तरी तिनं त्या अस्वलाला जागा दिली. जंगल राखणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

तर बाई, पोरांना घेऊन ये. मी पुढं चालीन, बोलायचं काम माझ्याकडे. पण लवकर ये. पिल्लं वाढतात गं, आईच्या पाठीवर फार दिवस मावत नाहीत.