खोटा झालेला तान्हा पोळा

आमच्या घरी तान्हा पोळा होत नाही. शेजारणी अजून विचारतात, "काहून वं काकू, दुसऱ्याच्या पोरांच्या नंदीले झुली शिवता अन् तुमच्या दाराले साधं तोरण नाही?" मी म्हणते, आमचा सण खोटा झालेला आहे. जुन्या बायांना एवढं पुरतं. नव्या सुनांना समजावून सांगावं लागतं, आणि मला त्याचा कंटाळा येतो. आज मात्र सगळं सांगूनच टाकते.

पोळ्याला शेतकऱ्याचे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात पोरांचे लाकडी नंदी. चाकांचा नंदी दोरीनं ओढत पोरं घरोघर जातात आणि बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर चार-आठ आणे. मला लहानपणापासून मण्यांचा नाद. नाद कसा, तर दूध उतू गेलं तरी हातातली सुई सुटायची नाही. इतवारीतून काचेचे मणी आणायचे आणि तोरणं, पंखे, नंदीच्या झुली करायच्या. आमचे हे गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते. ठाणाचे उरलेले तुकडे आणायचे आणि माझ्यापुढे टाकून म्हणायचे, "घे, तुझ्या बैलाले लुगडं आणलं."

सन साठ-बासष्टचा सुमार असेल. मुलगा पाच वर्षांचा होता. त्याच्या नंदीसाठी मी लाल मखमलीची झूल केली होती, चांगली दोन महिने खपून. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी माझे सासरे नातवाच्या नंदीची शिंगं रंगवायला बसले. रंगवता रंगवता म्हणाले, "पाणी दे वं थोडं." मी पाणी घेऊन आले तर ते भिंतीला टेकलेले, मान कललेली. संपलं होतं.

तेरावं झालं आणि सासूबाईंनी सांगितलं, "सण खोटा झाला. आता ह्याच दिवशी आपल्या घरी लेकरू जन्मलं, नाहीतर गाईले वासरू झालं, तरच परत सुरू होईन." गाय आमच्याकडे नव्हती. मला पुन्हा लेकरू झालं नाही.

त्यानंतर दर वर्षी मुलगा दारात उभा राहायचा. समोरून आळीतली पोरं जायची, आणि त्यांच्या नंदींवर झुली माझ्याच हातच्या. रडला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता पाहत राहायचा. मग केव्हातरी त्यानं पाहणंही सोडलं. मी चिडायचे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागवायचे. बाई गं, एक दिवस इकडेतिकडे झालं असतं तर देवाचं काय जाणार होतं?

मुलाचं लग्न झालं. सून पारशिवनीकडची, शेतकऱ्याची पोर. बोलायला मोजकी, पण जीव लावणारी. दुपारी मी मणी घेऊन बसले की तीही बसायची. महिन्याभरात माझ्यासारखं ओवू लागली. मणी सांडला की मी करवादायची, तर हसून म्हणायची, "आई, मण्याशी भांडून काय करता, तो काय उत्तर देणार?" खरं सांगते, तिच्याइतकी सोबत मला त्या घरात कोणी दिली नाही.

तिला दिवस गेले. दवाखान्यात तारीख सांगितली, मी घरी येऊन पंचांग काढलं. पोळ्याच्या आसपासच येत होती. माझ्या काळजात धस्स झालं, आणि ते आनंदानं झालं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तिचे वडील आषाढात तिला न्यायला आले. मी त्यांना जेवू घातलं आणि रिकामं परत पाठवलं. म्हटलं, "खेड्यात काही झालं तर कुठं पळता? इथं मोठा दवाखाना हाकेवर आहे." सगळ्यांना वाटलं, कशी मायेची सासू! दवाखाना चांगला होता हे खोटं नाही. पण मी तिला ठेवून घेतलं ते दवाखान्यासाठी नाही. लेकरू आमच्या घरात, त्या दिवशी व्हावं म्हणून ठेवलं. तिला मी सण खोटा झाल्याची गोष्ट सांगितली होती. वर म्हटलंही होतं, "पाहू, तुझ्या हातानं सुटते का आमचा अडकलेला सण." ती हसली होती. आणि मी नवी झूल करायला घेतली, हिरव्या मखमलीची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला तिच्या पोटात दुखू लागलं. दिवस तर हवा तोच उजाडत होता. पण पंचांगात लिहिलं होतं, अमावास्या सकाळी साडेनऊपर्यंत. त्याआधी लेकरू झालं तर ते अमावास्येचं. अमावास्येचं लेकरू म्हणजे नसती नाट, आणि तान्हा पोळा प्रतिपदेचा, म्हणून सणही सुटायचा नाही. मुलगा मिलमध्ये सकाळच्या पाळीला निघाला होता. मी त्याला म्हटलं, "जा तू, अजून वेळ आहे." तो गेला.

सहाला हे म्हणाले, "रिक्षा आणू का वं?" मी म्हटलं, "कच्चं दुखणं आहे. पहिलटकरणीले दोन-दोन दिवस लागते." सातला पुन्हा विचारलं, तर मी खेकसले, "बायांचं तुम्हाले काय समजते? चहा प्या अन् बसा." सुनेला जाऊन विचारायची, "कसं वाटून राहिलं?" ती म्हणायची, "थोडं थोडं दुखून राहिलं, आई." बाहेर येऊन मी घड्याळ पाहायची. आठ वाजले. नऊ वाजले. साडेनऊचा ठोका पडला आणि मी यांना म्हटलं, "आणा आता रिक्षा."

त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, रोगराई गावाबाहेर घालवायला काढलेल्या मोठ्या बाहुलीची मिरवणूक, हे मी विसरले होते का? नागपुरात जन्म काढलेली बाई ते विसरेल कशी? पण पंचांगात डोकं खुपसलेल्या मला रस्ता आठवला नाही. सायकल रिक्षा गल्लीतून बाहेर पडली आणि माणसांत अडकली. गच्च्यांवर माणसं, ओट्यांवर माणसं, पोरं बापाच्या खांद्यांवर. पुढं पिवळी मारबत डुलत होती आणि हजार गळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत! चार भले लोक पुढं झाले. "बाई अडली आहे, बाजू व्हा गा!" असं ओरडले. पण बाजू व्हायला जागा कुठं होती? सुनेनं माझा हात धरला होता, तिची नखं रुतत होती. ती काही म्हणत होती, मला ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच ती बाळंतीण झाली. मुलगा होता. भरल्या अंगाचा, डोक्यावर काळंभोर जावळ. तो रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी उलटा केला, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हवा फुंकली. तो रडलाच नाही.

"इतका उशीर काहून केला?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मारबतीची गर्दी होती बाई. रस्ताच मिळाला नाही."

तेच मग घरात सगळ्यांचं सत्य झालं. मुलगा अजून त्या गर्दीला शिव्या घालतो. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं होतं, बस. पुढं चार वर्षांनी ते गेले, पण त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते, मला चार माणसांत उभं केलं असतं, तर परवडलं असतं. हिरवी झूल मी चुलीत घातली. सण सुटला का, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला सून पाचव्या महिन्यातच पारशिवनीला निघून गेली. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मुलगी झाली, गोरीगोमटी, आणि सव्वा महिन्यानं ती तिला घेऊन परत आली. माझ्याशी तशीच वागायची, वेळेवर चहा, वेळेवर औषध. पण मण्यांना तिनं पुन्हा हात लावला नाही.

नात चार वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. तान्ह्या पोळ्याच्या आधी कुणाचातरी जुना नंदी उचलून घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, ह्याले झूल शिवून दे." मी ओरडले, "आपल्या घरी होत नाही, सांगितलं नं एकदा!" पोर दचकली आणि रडत आत पळाली. सून अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी जाऊन तिच्यासमोर बसले. आता नाही तर कधीच नाही, असं झालं होतं मला. म्हटलं, "ते गर्दीमुळं नव्हतं वं. सातला निघालो असतो तर रस्ता मोकळा होता. मी थांबवलं तुले. अमावास्या संपायची वाट पाहून राहिली होती मी."

तिचा हात थांबला नाही. "माहीत आहे मले."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. तुम्ही घडीघडी घड्याळ पाहून राहिल्या होत्या. अन् पंचांग तर मी बी पाहिलं होतं, आदल्या दिवशी." दोन खडे तिनं बाजूला टाकले. मग म्हणाली, "मले पाचलेच समजलं होतं आई, का हे कच्चं दुखणं नाही. तुम्ही येऊन विचारत होत्या, अन् मी कमी सांगून राहिली होती. मले वाटलं, होऊन जाऊ दे आईच्या मनासारखं. किती जीव टाकून राहिल्या आहे त्या झुलीत."

पाचपासून साडेनऊपर्यंत. साडेचार तास ती पोर दातांवर दात धरून पडली होती, मी सुखी व्हावं म्हणून. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की पाप माझं एकटीचं आहे. क्षमा मागायला गेले होते, ती कशाची मागावी तेच कळेना. मी तिचा हात धरायला गेले.

तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला. "पोरीले पाहते," म्हणाली, "रडून राहिली." आणि आत गेली.