चौदाच्या काचेतला कडा

ये गं, अशी जवळ बस. आणि तो कॅमेरा आधी गळ्यातून काढ. धुकं उतरलंय आणि बाईसाहेब एकट्याच निघाल्या कड्यावर! कुणाला विचारायचं तरी. रागावले म्हणून तोंड पाडू नकोस, चहा घे. माझ्या नातीचं ऐक आधी.

नात तळेगावला असते, लग्नाचे फोटो काढते. मागच्या पावसाळ्यात ती दोन लेन्स भाड्यानं घेऊन माझ्याकडं आली. कुठली विकत घ्यायची ते तिला लोणावळ्याच्या धुक्यातच बघायचं होतं. दोन्ही वाइड, म्हणजे समोरचं लय काही एका फोटोत मावणार. दोन्ही फास्ट, म्हणजे अंधुक उजेडातही झटकन फोटो निघणार. एक विसाची, म्हणजे वीस मिलिमीटरची, हलकी, सपाट काचेची. दुसरी चौदाची, त्याहून वाइड, जड, काच म्हशीच्या डोळ्यासारखी फुगीर.

अंगणात मी दोन्हींतून बघितलं. विसाच्या लेन्समधून माझी कोंबडी जरा लांब गेली. चौदाच्या लेन्समधून बघते तर पायाशी दाणे टिपणारी कोंबडी थेट शेजारणीच्या दारात!

"अगं, हिनं तर माझी कोंबडी पळवली!"

"आजी, हीच तर मजा आहे वाइडची," म्हणत ती हसत सुटली.

मग आम्ही घरामागच्या पठारावर गेलो. लहानपणी मी तिथं गुरं राखायचे. आमची एक रीत होती. धुकं आलं की एकीनं हाळी द्यायची, दुसरीनं लगेच ओ द्यायची. ओ आली नाही तर दोघींनीही जागच्या जागी खाली बसायचं. शोधायला निघायचं नाही, कारण पठार कुठं संपतं ते धुक्यात दिसत नाही. नातीला हे ती एवढीशी होती तेव्हापासून पाठ.

आधी तिनं विसाची लावली, मग चौदाची. फुगीर काचेवर सारखे थेंब धरायचे आणि ती ओढणीनं पुसायची. धुकं दाटलं तशी नात दिसेनाशी झाली. मी हाळी दिली. ओ आली. परत दिली. ओ आली, पण लांबून. तिसरीला काहीच नाही.

खाली बसायचं सोडून मीच धावायला निघाले होते बघ. तेवढ्यात वाऱ्यानं धुकं फाटलं आणि ती दिसली. डोळा कॅमेऱ्याला, पाय पुढं सरकतायत, आणि पुढचं गवत संपलेलं.

ओरडावं तर दचकून तोल जाईल. म्हणून नेहमीच्या हाळीच्या सुरात म्हटलं, "बस गं खाली. तुझी ओ न्हाई आली."

सवयीनं ती मटकन बसली. "काय गं आजी, कडा अजून तिकडं..." म्हणत तिनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. गुडघ्यांपुढं वीतभर गवत, त्यापुढं नुसतं पांढरं.

"कोंबडी," एवढंच बोलली. मग बसल्या बसल्याच मागं सरकत आली आणि माझ्या कुशीत शिरली.

तिनं विसाची घेतली. फोटो चौदाचेच भारी होते, हे तीही म्हणते. माझी भीती मात्र गेली नाही. धुकं उतरलं की अजून मी दारातून हाळी देते, ती तिकडं तळेगावात असली तरी.

म्हणून आज तू इथून हलायचं नाहीस. धुकं निवळलं की घरी जा, पण लवकर परत ये, बाई. नातीलाही बोलावते, तिघी मिळून जाऊ. मी हाळी देईन, तुमी फक्त ओ द्या.