खोपा बराबर हाय का

चाचा गेल्याची खबर आली तेव्हा मी चाचाचाच फोन हातात धरून उभा होतो. कुरुंद्याच्या बाजारात माझं मोबाईल रिपेरिंगचं खोक्याएवढं दुकान हाय. चार्जिंगची पिन ढिली झाली म्हणून चाचानं सकाळीच फोन माझ्याकडं टाकला होता. दुपारून नेतो म्हणले, आन आले न्हाईत. त्यांच्या छातीत दुखलं, त्यांच्या पुतण्यानं गाडीत घालून नांदेडकडं नेलं, हे मला काहीच ठाऊक न्हाई. संध्याकाळी पुतण्याचा माझ्या फोनवर फोन आला. "सिद्धू, चाचा गेले. रस्त्यातच." मी "हां" म्हणलं... आन ते "हां" चाचाच्याच आवाजात निघालं. तोच घोगरा, तसंच ओढून म्हणलेलं. पुतण्या मंग म्हणला, "आत्ताबी नकला करून राहिला का रे?" त्याला काय सांगावं? नकला करून नव्हतो राहिलो. पण थोड्या वेळापूर्वी मी त्याच आवाजात एका बाईशी बोललो होतो, आन तो आवाज गळ्यातून उतरला नव्हता अजून.

यासीन चाचा विमा कंपनीचे एजंट. माझ्या बापाच्या वयाचे नव्हते, आज्याच्या वयाचे होते, पण सगळं गाव चाचा म्हणायचं म्हणून मीबी चाचाच म्हणायचो. मला गावात नकल्या म्हणायचे, कारण शाळेत असल्यापासून माझा तोच धंदा. मास्तर, कंडक्टर, लाऊडस्पीकरवर बोलणारा पुढारी, कुणाचाबी आवाज काढून द्यायचो. बुद्धविहारातल्या कार्यक्रमात भाषणं झाली की पोरं ओरडायची, "सिध्या, चाचाचं कर." मंग मी चष्मा काढल्यासारखं करायचो, घसा खाकरायचो आन म्हणायचो, "हां... तर खोपा बराबर हाय का?" लोक लोळायचे. चाचा स्वतः पहिल्या ओळीत बसून हसायचे. एकदा म्हणले, "सिध्या, तू माझ्यापेक्षा जादा चाचा झाला रे. पॉलिशा तूच विकत जा, मी घरी निजतो."

त्या खोप्याची गोष्ट सांगितल्याबिगर पुढं जाता येत न्हाई. चाचाच्या कंपनीचं चिन्ह होतं सुगरणीचा खोपा. बाभळीला लटकलेला, खालून दार असलेला. चाचाकडं त्याचा एक पत्र्याचा बोर्ड होता. बाजाराच्या दिवशी ते लिंबाखाली खुर्ची टाकायचे, बोर्ड झाडाला टेकून ठेवायचे, आन कुरुंद्याचे, शिरड शहापूरचे, आजूबाजूचे लोक कागद घेऊन यायचे. किती जणांना वाचता येत होतं? मंग चाचानं त्यांना एक सवय लावली. कंपनीचा कुठलाबी कागद आला की आधी बोर्डाजवळ धरायचा. कागदावरचा खोपा आन बोर्डावरचा खोपा बराबर दिसला तर पुढं बोलायचं. "खोपा बराबर हाय का?" चाचा विचारायचे. "बराबर," माणूस म्हणायचा. मंगच अंगठा. "जिथं खोपा न्हाई तिथं अंगठा देऊ नका, मी स्वतः आलो तरी देऊ नका," असं ते प्रत्येकाला बजावायचे. त्या टायमाला आमच्याकडं भलत्यासलत्या कंपन्या येऊन लोकांना टोप्या घालून पळून जायच्या. चाचाचा एकबी माणूस त्यांच्या नादी लागला न्हाई, कारण त्यांच्या कागदावर खोपा नव्हता.

आन मंग कंपनीच बदलली. दुसऱ्या मोठ्या कंपनीनं तिला घेतलं, नाव गेलं, खोपा गेला. नवीन चिन्ह आलं, केशरी रंगाची एक वाकडी रेघ. आमी त्याला जिलेबीचा तुकडा म्हणायचो. चाचाला नवीन बोर्ड आला, त्यांनी तो कपाटामागं उभा करून ठेवला. पण कागद तर जिलेबीचेच येणार. शिरडची गंगाबाई, चाचाची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, हळद काढणीला जाऊन जाऊन तिनं पॉलिसी भरली होती, नातीच्या शिक्षणासाठी. पॉलिसीची मुदत भरत आली, पैसे मिळायला अंगठा द्यायचा कंपनीचा कागद आला. गंगाबाईनं बाजारात येऊन तो बोर्डाजवळ धरला.

"चाचा, खोपा बराबर न्हाई."

"गंगाबाई, कंपनी तीच हाय. नाव बदललं."

"तुमीच म्हनले होते ना, खोपा न्हाई तर अंगठा न्हाई? तुमी आला तरी न्हाई?"

 त्यांचंच वाक्य होतं ते. तिचा एक नातू पुण्याला कंपनीत कामाला. त्यानं मोबाईलवर शोधलं. इंटरनेटवर तो मोठा ज्ञानकोश हाय ना, ज्याच्यात कुणीबी लिहू शकतंय, त्याच्यातल्या मराठी पानावर कंपनी अलीकडं सुरू झाली असं लिहिलेलं. आधीचं नाव न्हाई, खोपा न्हाई, काहीच न्हाई. नातवानं आजीला सांगितलं, ही कंपनी कालची हाय, चाचानं तुझे पैसे दुसरीकडंच कुठं घातले. पुढच्या बाजाराला गंगाबाई आली आन लिंबाखाली चारचौघात म्हणली, "तुमच्या खोप्यातलं पाखरू उडालं चाचा, आन आमचं घेऊन उडालं. चोर हाव तुमी." लोक बघून राहिले. चाचानं बोर्ड उचलला आन घरी गेले. त्याच्यानंतर ते बाजारात बसले न्हाईत.

माझ्या दुकानात आले ते दोन दिवसांनी. खुर्चीत बसले, मोबाईल पुढं केला. "सिध्या, हे पान कोन लिहितंय?"

"कुणीबी लिहू शकतंय चाचा."

"कुनीबी?"

"कुणीबी."

"मंग आपन कुनीबीच हाव. घे लिहायला."

ते बोलत गेले, मी टाईप करत गेलो. 'ही कंपनी लय जुनी व इमानदार असून तिच्या खोप्यानं गोरगरिबांचं भलं केलेलं हाय.' दुसऱ्या दिवशी सगळं गायब. तिथल्या कुण्या संपादकानं काढून टाकलं होतं आन खाली कारण लिहिलं होतं, मजकूर प्रचारकी आहे, संदर्भ नाही. मी पेन्शनीतल्या हेडमास्तरासारखा आवाज काढून ते वाचून दाखवलं, "आपला मजकूर अवलोकनात आला असून तो प्रचारकी आढळला आहे..." चाचा खोकला येईस्तोवर हसले. मंग चष्मा काढला. "बराबर हाय त्याचं. म्या सांगितलं म्हणून त्यानं काहून मानावं? मीबी लोकांला हेच शिकवलं."

त्याच्यानंतर चाचा रोज दुकानात. मी रिपेरिंग करत बसायचो, त्या पानाला जोडून लिहिणाऱ्यांच्या चर्चेचं पान असतंय, त्याच्यात काय आलं ते चाचा वाचत बसायचे. एक दिवस संपादकानं विचारलं, आपला या कंपनीशी काही संबंध आहे का? मी म्हणलं, "चाचा, न्हाई म्हणून टाकतो. कोण बघायला येतंय कुरुंद्याला?"

"लिही, व्हय. एजंट हाव, जवानीपासून."

"मंग ते आपलं काहीच ठेवणार न्हाईत."

"न ठेवू दे. खोटं लिहून गंगाबाईला काय दाखवू?"

मी लिहिलं. वाटलं, झालं, संपलं. पण उत्तर आलं की मंग तुम्ही पानाला हात लावू नका, छापील पुरावा इथं द्या, आम्ही तपासून घालू. चाचाला हे एवढं आवडलं की त्यांनी सगळ्यांला चहा पाजला. मंग आमी वसमतच्या वाचनालयात गेलो, जुन्या पेपरचे गठ्ठे उपसले. धुळीनं माझं नाक गळून राहिलं, आन चाचा एकेक पान असं उलटायचे की जसं कुणाचं पांघरूण सरकवून राहिले. अखेर सापडली ती जाहीर सूचना: अमुक कंपनी तमुक कंपनीत विलीन, नाव व बोधचिन्ह बदलले, जुन्या पॉलिसी कायम. चाचानं त्या ओळीवर बोट ठेवलं आन किती तरी वेळ उचललं न्हाई.

पान बदललं. जुनं नाव आलं, विलीनीकरण आलं. जुन्या चिन्हाबद्दल संपादकानं लिहिलं, 'पक्ष्याचे घरटे'. चाचा अडून बसले. "घरटं तर कावळ्याचंबी असतंय. सुगरणीचा खोपा म्हणायचं." पुन्हा चर्चा, पुन्हा पुरावा. कंपनीची जुनी छापील जाहिरात मिळाली, तिच्यात सुगरण लिहिलेलं होतं. झालं तेबी. मी म्हणलं, आता चला शिरडला, गंगाबाईच्या तोंडासमोर धरू. चाचा न्हाई म्हणले. "मी दाखवलं तर ते माझ्याच तोंडचं झालं. तिच्या नातवाला आपसूक दिसू दे. मंग ती फोन करंल."

मंग चाचा फोनची वाट बघू लागले. बाकीचं काम सुटलं त्यांचं. फोन वाजला की खिशात हात, नाव बघायचं, आन "हां, बोल" असं पडल्या आवाजात. त्या दिवशी सकाळी फोन माझ्या हातात देताना म्हणले, "गंगाबाईचा आला तर मला हाक मार. तू बोलू नको. पोरगं पाठव घरी, मी येतो."

दुपारनंतर दोस्त येऊन बसले होते. "चाचाचं कर रे," एकानं म्हणलं, आन तेवढ्यात चाचाचा फोन वाजला. नाव, गंगाबाई शिरड. मला हाक मारायची होती. घर दोन गल्ल्या पलीकडं... मी स्पीकर चालू केला, चष्मा काढल्यासारखं केलं आन ओढून म्हणलं, "हां... बोला गंगाबाई." दोस्तांनी तोंडावर हात धरले. मला वाटलं, दोन वाक्यं बोलू, हसू, मंग फोन घेऊन पळत चाचाकडं जाऊ. पण गंगाबाई थांबलीच न्हाई. "चाचा, नातवानं वाचून दाखवलं. तुमचा खोपा लिहिलेला हाय म्हन त्याच्यात. सुगरनीचा... म्या तुमाला चारचौघात चोर म्हनले. रातच्याला झोप लागत न्हाई मला. माफी करा चाचा, तुमच्या पाया पडते." ती रडून राहिली होती. दोस्तांचे हात तोंडावरून खाली आले. मी नकल्या हाव असं सांगायला तोंड उघडलं, आन त्याच आवाजात निघालं, "बराबर हाय गंगाबाई, बराबर हाय." तिनं विचारलं, अंगठा द्यायला कधी येऊ? मी म्हणलं, "सोमवारी बाजाराला या." वरून टायमबी देऊन टाकला चाचाचा. मंग कुठल्या तोंडानं चाचाकडं जावं, म्हणून दुकानातच थांबलो. ती बोलत होती तेव्हा चाचा गाडीत होते, का होतेच न्हाई, हे मी पुतण्याला विचारलेलं न्हाई. विचारणारबी न्हाई.

मातीला सगळा गाव होता. मला कुणी काही बोललं न्हाई, उलट खांद्यावर हात ठेवून म्हणले, तुझा लय जीव होता त्यांच्यावर. मान वर करता आली न्हाई. सोमवारच्या आधी शिरडला गेलो. वाटलं, चाचा गेल्याचं गंगाबाईला माहीत नसंल. तिला ते कळलं होतं. दारात बसलेल्या बायांला तेच सांगून राहिली होती, "जायच्या आधी माझ्याशीच बोलले बरं चाचा. बराबर हाय म्हनले. मन मोकळं करून गेले." तिच्या तोंडावर असं काही समाधान होतं... वाटलं, पाणी पिऊन निघून जावं. कुणाचं काय बिघडतंय? पण चाचाचं ते "लिही, व्हय" कानात बसलेलं. बाया उठून गेल्या तसं सांगून टाकलं. फोनवर मी होतो.

गंगाबाईनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मंग म्हणली, "मंग म्या माफी कुनाची मागितली रे?"

मी उठू लागलो, तिनं हातानं खाली बसवलं.

"तू घेतली ना माझी माफी? तुझी नव्हती ती. जाय, ज्याची त्याला नेऊन दे. जशी म्या दिली तशी दे, काटछाट करू नको."

त्या सोमवारी ती आली, चाचाचे कागद सांभाळणाऱ्या पुतण्यासमोर जिलेबीच्या कागदावर अंगठा दिला आन माझ्या दुकानाकडं न बघता गेली. पैसे मिळाले तिला, नात नर्सिंगला लागली असं ऐकतो.

मला माफी पोचवायला लय दिवस लागले. शेवटी एका दुपारी चाचाच्या घरी गेलो. चाची इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई घरातच राहून दिवस पाळती तसं, आत पडद्याआड. समोरच्या खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची होती, खुंटीला टोपी होती आन भिंतीला टेकलेला पत्र्याचा बोर्ड. खोप्याच्या दाराजवळचा रंग उडालेला, कारण हजार कागद तिथं घासलेले. मी बोर्डासमोर बसलो, डोळे मिटले आन गंगाबाईचा आवाज काढला. कधी कुणाची नक्कल केली न्हाई तेवढी नीट. "चाचा, नातवानं वाचून दाखवलं..." ते "पाया पडते" पर्यंत, रडण्यासगट.

पडद्याआडून चाची म्हणली, "कौन? गंगाबाई आयी क्या?"

"न्हाई चाची. मी हाव, सिद्धू."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.  मंग चाची म्हणली, "वो रहते तो क्या बोलते रे?"

मला ठाऊक होतं काय म्हणले असते. कसं म्हणले असते तेबी ठाऊक होतं, कुठं ओढलं असतं, कुठं थांबले असते. आवाज गळ्याशी येऊन बसला होता. मी तो गिळला. बोर्डाकडं बघून माझ्याच आवाजात म्हणलं, "बराबर हाय." लय बारीक निघालं ते. चाचीला ऐकू गेलं की न्हाई काय माहीत.