भाऊबीजेचा कागद

मी अकरावीत होतो आणि कुणावर म्हणून विश्वास ठेवत नव्हतो. घरच्यांनीच ती वेळ आणली होती. इंदुरीजवळच्या आमच्या गावात बंगल्यांसाठी जमिनी शोधणारे एजंट हिंडायचे, आणि त्यातला एक आठ दिवस आमच्या ओट्यावर चहा ढोसत होता. मी आलो की वडील लगेच पाऊसपाण्याचं बोलायला लागायचे. मला काय कळत नव्हतं होय?

भाऊबीजेला वडिलांनी आत्यासाठी भारी साडी आणली. दरवर्षी साडी आई आणायची, तीही घासाघीस करून. या वर्षी तिला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली, एकुलती बहीण. घोरावाडीला दिलेली. मी आणि वडील गाडीवरून तिच्याकडं गेलो. तिनं ओवाळलं, वडिलांनी तबकात साडी ठेवली आणि खिशातून कागद काढला.

"विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन माझ्या नावावर करायचंय, आक्का. हितं सही कर. सोमवारी वडगावला हापिसात फोटो आन् अंगटा, झालं."

आत्यानं पेन मागितलं. कागदाकडं बघितलंच नाही. मी तो उचलला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, हक्कसोडपत्र.

"आत्या, हे मोटारीचं न्हाई!" म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाच्या नावे सोडत आहे.

"गप रं, लय शाना झालाय!" वडील ओरडले. मी कसला गप्प बसतोय! आवाज चढवून शेवटपर्यंत वाचलं. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी. पहिल्यांदाच मोठ्या माणसाला रंगेहाथ पकडलं होतं.

आत्याची सून फराळाची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. आत्यानं तिच्याकडं बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

"आता न्हाई जमायचं," ती वडिलांना म्हणाली. वडील न जेवताच उठले आणि बाहेर जाऊन गाडीला किक मारायला लागले.

मला वाटलं, आत्या आता मला जवळ घेईल. तिनं मागच्या पडवीत नेऊन माझा दंड धरला, चांगला आवळून.

"मला म्हाईत न्हवतं व्हय, काय हाय त्यात? कनेक्शनसाठी कुनी एवढी साडी आनतं का?"

"मग सही का करत व्हतीस?"

"न वाचता केली असती, तर भावाला द्यायचं ते दिलं असतं, आन् घरात सांगितलं असतं, फसले बाई. आता सुनेनं ऐकलं. सही केली तर पोरगा मला घरात ऱ्हाऊ द्यायचा न्हाई. न्हाई केली तर भाऊ यायचा न्हाई." तिला रडूच फुटलं. मी तिथं ठोंब्यासारखा उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या भाऊबीजेला वडील गेले नाहीत. सकाळीच मी आत्याला फोन केला, म्हटलं, मी येतो.

"ये की," ती म्हणाली. "पर तू माझा भाऊ न्हाईस रं."