जीपच्या गिअरला लावलेला शेंदूर

त्या वर्षी घट बसवताना माझं चित्त देवीपाशी नव्हतं, जीपच्या मागच्या चाकांपाशी होतं. परडीतल्या मातीत धान्य पेरत होते, तोंडानं नाव गडावरच्या आईचं घेत होते आणि मनात एकच विचार होता, ती चाकं चढ चढतील का? सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी. लग्न होऊन आले तेव्हापासून एकही नवरात्र मी चुकवलेलं नाही. सोवळंओवळं, उपास, अखंड दिवा, सगळं काटेकोर. घरातले मला मागून 'इन्स्पेक्टरीणबाई' म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण त्या नवरात्रात हात पूजा करत होते आणि मन लेकीकडे धावत होतं. आईवर रुसलेही होते थोडी. म्हटलं, तुझ्याच दिवसांत माझा जीव असा टांगणीला का लावलास?

आमची अर्चना पेठच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर राहते. जावई तिथल्या आश्रमशाळेत शिक्षक आहेत. माणूस सोन्यासारखा, पण राहायची जागा अशी की डांबरी रस्ता सोडला की सरळ अंगावर येणारा चढ. पावसाळ्यात तो धुपून त्याला घळी पडतात. काळीपिवळीवाले माणसांना खालीच उतरवतात, दवाखान्याची गाडीही खालीच थांबते. अडल्या बाईला तिथली माणसं झोळीत घालून उतरवतात. अर्चना पहिलटकरीण, त्यात रक्तदाब वर चढू लागलेला. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आठवा महिना सरायच्या आत हिला नाशिकला न्या, मोठ्या दवाखान्याजवळ ठेवा, आणि तो चढ-उतार पायी मुळीच करू देऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर आमच्याकडचा रिवाजच. पण तिला खाली आणायची कशी, हा प्रश्न होता.

आमच्या ह्यांची एक जुनी जीप आहे. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडूचे क्रेट भरून ती रोज बाजारात जाते. ह्यांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव. गौरीच्या वेळी आम्ही तिच्यातूनच लेकीकडे निघालो होतो. निम्म्या चढावर मागचं एक चाक घळीत गेलं आणि जागच्या जागी गरगरा फिरू लागलं. दुसरं चाक मात्र लग्नघरातल्या पाहुण्यासारखं नुसतं बसून. जीप मागे घसरायला लागली तशी मी पदर खोचून उडीच मारली. शेवटी गौरीचा फराळ डोक्यावर घेऊन आम्ही वर चालत गेलो. त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "ही भंगारात घाला आणि एखादी नीट गाडी बघा." हे गप्प राहिले. हे गप्प राहिले म्हणजे मनात काहीतरी शिजतंय, हे इतक्या वर्षांत मला कळायला लागलंय.

शिजत होतं ते पंचवटीतल्या गोरखभाऊंच्या गॅरेजात. गोरखभाऊ मूळचे निफाडचे. द्राक्षबागांमधले ट्रॅक्टर दुरुस्त करता करता मिस्त्री झाले. हात चांगला, पण तोंड त्याहून चांगलं. सगळी इंजिनं बंद असली तरी गॅरेज चालू आहे असं वाटावं, इतकं बोलणं. त्यांनी मला समजावून सांगितलं की जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो गोळा दिसतो त्यात डिफरन्शियल असतं, आणि साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा की जे चाक सैल फिरतंय त्याच्यातच सगळा जोर वाया जातो. जमिनीवर घट्ट उभं असलेलं बिचारं उपाशी राहतं. आता दोन्ही चाकांना ओढायला लावणारं डिफरन्शियल घालायचं, आणि सोबत क्राउन-पिनियन, म्हणजे आतला मोठा नि छोटा गिअर, असा बदलायचा की पळण्याचा वेग थोडा कमी होईल पण चढाला ताकद येईल. मी मान हलवली. यंत्रातलं फार कळलं नाही, पण एक गोष्ट मनाला लागली. माझंही तेच चाललं होतं. जिथे माझा काही उपाय चालत नव्हता त्या काळजीतच सगळा जोर फिरत होता, आणि हातातला जप, समोरचा दिवा उपाशी होता.

नवे भाग पुण्याहून यायचे होते. येतील येतील म्हणता अष्टमी उजाडली. नवरात्र म्हणजे आमच्या झेंडूचा सुगीचा काळ, ह्यांना मळ्यातून मान वर करायला सवड नाही. गोरखभाऊंनी अष्टमीला दिवसभर खपून जीप उघडली आणि नवं सामान बसवलं. त्यांनाही घाई होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गॅरेजातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडायची, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत एकाही पान्याला हात लावायचा नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची शिस्त. मागचं झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं. ते मी मुद्दाम लावू दिलं नव्हतं. फोन करून सांगितलं, "माझ्या लेकीला जे गिअर खाली आणणार त्यांची मला पूजा करायची आहे. मी आल्याशिवाय बंद करू नका." हे तेव्हा घटकाभर गॅरेजात डोकावायला गेले होते, ते पलीकडून वैतागून म्हणाले, "लय झालं तुझं. आता गिअरला पण नैवेद्य दाखव!" पण गोरखभाऊंनी ऐकलं. झाकणाच्या बोल्टांपुरता एक पाना त्यांनी पूजेबाहेर ठेवला.

नवमीला सकाळी मी विहिरीवरच्या सातीआसरांना, पाण्यातल्या सात देवींना, शेंदूर लावला. दरवर्षी लावते, तेलात कालवून. त्यातला थोडा वाटीत उरला. देवाचा शेंदूर टाकून द्यायचा नसतो, आणि तो कुठेही पुसायचाही नसतो. मी ती वाटी तशीच ताटात ठेवली, झेंडूच्या माळा घेतल्या आणि गॅरेजात गेले. पाने, हातोड्या, जॅक सगळं पाटावर मांडून फुलांनी सजलेलं, उदबत्ती लागलेली. जीप मागून उचलून ठेवलेली, आणि उघड्या गोळ्यात नवाकोरा गिअर चांदीसारखा चमकत होता. खरं तर अशा वेळी हळदकुंकवाची दोन बोटं पुरतात. पण का कोण जाणे, मी वाटीतला शेंदूर घेतला आणि सातीआसरांना माखतात तसा त्या दात्यांवर चांगला माखला. गोरखभाऊ हसत होते. मग मी म्हटलं, "देवाचं चक्र एकदा फिरवा." ह्यांनी पुटपुटतच चाक हातानं फिरवलं. गिअर सावकाश फिरला, छोट्या गिअरमध्ये जाऊन परत वर आला. मी हात जोडून उभी होते.

डोळे उघडले तर गोरखभाऊंचं हसणं थांबलेलं. ते खाली वाकून आत बघत होते. मग त्यांनी एका हातानं पुढचा शाफ्ट दाबून धरला आणि ह्यांना पुन्हा चाक फिरवायला सांगितलं. त्यांनी दोनदा आत बघितलं, पण बोलेनात. त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"वहिनी, इकडं या," ते म्हणाले. "शेंदूर कुठं पुसला गेलाय, दिसतंय का? सगळा कडंला. मधी तसाच हाय. म्हंजे दातावर दात नीट बसत नाय, कोपऱ्यावर चढतोय."

"मंग काय होईल?" ह्यांनी विचारलं.

"सपाट रोडला थोडा आवाज करंल. पण चढाला जोर आला का दात उडंल." आणि थोडं थांबून म्हणाले, "मी दर टायमाला निळा रंग लावून बघतो. काल घाईत म्हटलं, जुन्याच चकत्या बसतील, नाय लावला."

छोट्या गिअरच्या मागे पातळ चकत्या असतात, त्यांनी तो पुढेमागे सरकवून नेमका बसवायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. एरवी मिस्त्री जे रंग लावून बघतो, ते त्या दिवशी शेंदरानं दाखवलं.    त्या चढावर, अर्चना आत बसलेली असताना, तो दात तुटला असता तर... पुढचा विचार मी आजही करत नाही.

पण संकट सरलं नव्हतं. गिअर नीट बसवायचा तर सगळं पुन्हा उघडावं लागणार, आणि हत्यारं तर पाटावर हळदकुंकू लेवून बसलेली. गोरखभाऊ म्हणाले, उद्या संध्याकाळी सोनं लुटलं की लगेच हात घालतो. तेवढ्यात जावयांचा फोन आला. अर्चनाच्या पायांना सूज आलीय, डोकं दुखतंय, डॉक्टरीणबाई येऊन औषध देऊन गेल्या, पण म्हणाल्या की उद्या दुपारच्या आत नाशिकला पोचवाच. हे मटकन खाली बसले. म्हणाले, झोळीतून आणू. बापाच्या तोंडून तो शब्द मला ऐकवेना.

मी हत्यारांच्या पूजेकडे बघितलं. आयुष्यभर एवढं सोवळं पाळणारी मी. उपासाच्या ताटाला कुणाचा धक्का लागला तरी घर डोक्यावर घेणारी. पण त्या क्षणी मनात इतकी शांतता होती की तिचं मला आजही नवल वाटतं. मी पाटासमोर वाकले, नमस्कार केला, फुलं बाजूला केली आणि सगळ्यात मोठा पाना उचलून गोरखभाऊंच्या हातात दिला. ते दचकून म्हणाले, "वहिनी, अहो पान्याला कुंकू लागलंय!" मी म्हटलं, "मग बरंच झालं. आज पाना तिनंच धरलाय असं समजा. लेकरासाठी उठली म्हणून आई कधी रागावत नाही." गोरखभाऊंनी पाना कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

दिवसभर काम चाललं. चकत्या बदलायच्या, गिअर बसवायचा, दात्यांना शेंदूर लावायचा, फिरवून बघायचं, पुन्हा उघडायचं. वाटीतला शेंदूर पुरला. शेवटच्या खेपेला दात्यांच्या बरोबर मधोमध लांबट, स्वच्छ खूण उमटली, तेव्हा गोरखभाऊंनी मला हाक मारून ती दाखवली. मग डिझेलनं सगळं धुतलं, झाकण बसलं, तेल भरलं आणि ते स्वतः रामशेजच्या किल्ल्यापर्यंत फेरी मारून आले. म्हणाले, "आता डोळे झाकून जा." हे म्हणाले, "चालवणारा मी हाय, मी डोळे उघडेच ठेवतो." सकाळपासून पहिल्यांदा आम्ही तिघंही हसलो.

दसऱ्याला पहाटेच निघालो. बाजाराचा सगळा भार धाकट्या दिरांवर टाकला. चढापाशी आलो तेव्हा हे थांबले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी घातली. त्याच घळीत तेच चाक उतरलं. माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. जीप क्षणभर अडली, गुरगुरली, मग दोन्ही चाकांनी जमीन धरली आणि एखादी म्हातारी जिना चढते तशी हळूहळू, न घसरता वर गेली. सांगण्यासारखं नाट्य काहीच घडलं नाही. माझ्या मते कृपा बहुतेक वेळा अशीच असते, घडून गेली तरी आवाज होत नाही. वर अंगणात अर्चना पिशवी भरून बसलेली होती. उतरताना जीप पहिल्या गिअरवर धरून हे इतक्या सावकाश आले की लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेली.

दुपारच्या आत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लगेच ठेवून घेतलं, आणि पुढे दिवस भरायच्या आधीच बाळंतपण करायचं ठरवलं. लेकीला आत नेलं त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले. आजवर मी देवीपुढे बसले की तिला सूचना देत आले आहे. आई, हे असं कर, ते तसं होऊ दे, अमक्या दिवसाच्या आत कर. म्हणायला प्रार्थना, पण सूर घरातल्या गड्याला काम सांगण्याचा. त्या दिवशी सवयीनं तोंड उघडलं आणि सूचनाच सुचेना. जीप तरी मी सांगितलं तशी कुठे झाली होती? मला हवं होतं ते अष्टमीलाच पुरं झालं असतं तर काय झालं असतं, ते एक तिलाच माहीत. मला अडवून, माझ्याच हातून माझा नेम मोडवून तिनं आम्हाला वर नेलं होतं. नुसतं म्हटलं, "आई, तू बघ." एवढे तीनच शब्द. आणि खरं सांगते, बाकावर टेकून बसले ती अगदी निवांत. हे येरझाऱ्या घालत होते, त्यांनाही ओढून शेजारी बसवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सिस्टर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. म्हणाली, "मुलगी आहे. आई पण छान आहे. वेळेत आणलंत हो." वेळ कुणी साधली ते तिला कसं सांगू! मी उठून उभी राहिले. काही मागावं, काही बोलावं असं मनात उरलंच नव्हतं. मी दोन्ही हात पुढे केले आणि जे दिलं ते घेतलं.