आप्पांची काळी तीन

वाद्यवृंदात काही वर्षं काढलेल्या माणसाला गाणी कमी आठवतात आणि गाण्याआधीचे घोटाळे जास्त. निदान माझं तरी तसं झालंय. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही स्टेजवर काय वाजवायचा?" मी "पेटी" म्हणालो आणि सांगत सुटलो. ती मधेच केव्हा उठून गेली ते मला कळलंच नाही. तेव्हापासून वाटतंय, की हे लिहून काढलेलं बरं. वाचणाऱ्याला निदान सभ्यपणे पान उलटता येतं. किश्श्यांचा क्रम मागेपुढे झाला असेल, तेवढं सांभाळून घ्या.

काळ सत्तरच्या आसपासचा. मी कोल्हापुरात एका कॉलेजात गणित शिकवायचो. डॉक्टरेट होती, म्हणून वाद्यवृंदात सगळे मला डॉक्टर म्हणत. मुख्य गायक आप्पा. ते दिवसा एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे आणि संध्याकाळी तोच आवाज घेऊन आमच्याकडे यायचे. तबल्यावर मुनीर. त्याच्या घरात तबले मढवायचा धंदा आजोबांपासूनचा. आणि गायिका सुमनताई, प्राथमिक शाळेत मास्तरीण; त्या तेवढ्या मला सर म्हणत.

ज्यांना पेटीची माहिती नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. गायक पेटीवरच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. आप्पांची काळी तीन. पुरुषाला हे फार उंच. पण तरुणपणी आप्पा सहज गायचे आणि गावभर त्यांना काळी तीनचे आप्पा म्हणूनच ओळखत. गाण्याआधी ते गालात एक लवंग ठेवायचे, माझ्या बोटांकडे बघायचे, बोट काळी तीनवर दिसलं की मान हलवायचे आणि मगच तोंड उघडायचे.

"ज्या दिवशी काळी तीन सुटंल," ते सगळ्यांना सांगत, "त्या दिवशी मी गाणं सोडलं म्हणून समजा."

*

मी पेटी शिकलो ती घरी, एकाच पट्टीत. हे कुणाला सांगितलं नव्हतं. एका कार्यक्रमात सुमनताईंना सर्दी झाली. ऐनवेळी त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, आज दोन पट्ट्या खाली घ्या."

मी म्हटलं, त्यात काय, प्रत्येक सुरातून दोन वजा करायचे. गणित सोपं होतं. पण वजाबाकी करून बोट ठेवेपर्यंत ताई पुढच्या ओळीवर गेलेल्या असायच्या. मग त्या ओळीची वजाबाकी. शेवटी मला लय सापडली, हात चालायला लागला आणि मी डोळे मिटून वाजवू लागलो.

मुनीरनं माझ्या खांद्याला हात लावला. "डॉक्टर, गाणं संपलंय. उत्तर आलं का?"

*

कागलला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना गायची हुक्की आली. मोठे बागायतदार, नाही कोण म्हणणार? मी अदबीनं विचारलं, "आपली पट्टी कोणती?"

"तुम्ही धरा की कुठलीबी. मी येतो मागनं."

ते खरोखरच मागनं आले. पहिली ओळ एका पट्टीत, दुसरी वरच्या, तिसरी कुठल्याच नाही. मी त्यांच्यामागे पेटीवर नुसता धावत होतो. एक पट्टी सापडली की मामा तिथून उठलेले असायचे.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मामा खाली उतरून मांडवात सांगत होते, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "पेटीवाला नवीन हाय बिचारा. पण मी घेतला सांभाळून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच माझंच चुकलं होतं की काय, असं अजूनही कधीकधी वाटतं.

*

वारणानगरच्या कार्यक्रमात आप्पांचा आवाज पहिल्यांदा फाटला. अंतऱ्यातली वरची जागा आली, आवाज चिरला आणि आप्पांनी झटकन हात उंचावून लोकांना खूण केली, "आता तुम्ही म्हणा." लोक खूश. सगळा मांडव गायला लागला.

पुढच्या कार्यक्रमात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. मुनीर म्हणाला, "अंतरा पब्लिकनं उचललाय. उद्या मुखडाबी उचलंल. मग आप्पांनी काय, तिकीट काढून खाली बसायचं?"

मला काळजी लागली. आप्पांना गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. ते गाणं सोडून नुसत्या गाड्या पुकारत बसलेत, हे चित्र मला बघवेना. धीर करून एकदा म्हणालो, "आप्पा, दोन-तीन पट्ट्या उतरवून बघू या का? थोडे दिवस?"

आप्पांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "डॉक्टर, गाडी कागलला जाती म्हणून पुकारायचं आणि माणसं गोकुळ शिरगावातच उतरवायची व्हय?"

मी विषय सोडला.

*

उपाय मुनीरनं आणला. मिरजेत त्यानं एक पेटी बघितली होती, स्केल चेंजर. तिच्या पट्ट्या अख्ख्याच्या अख्ख्या डावीकडे सरकतात. म्हणजे बोट काळी तीनवरच दिसणार, आवाज मात्र खालचा येणार. मी हे तत्त्व सुमनताईंना कागदावर आकृती काढून समजावलं.

"ते कळलं हो," त्या म्हणाल्या. "पण म्हणजे आप्पांना फसवायचं?"

मुनीर म्हणाला, "फसवायचं न्हाय ताई. गाऊ द्यायचं."

जुन्या पेटीचा भाता फाटला असं आप्पांना सांगून आम्ही ती पेटी आणली. पहिल्या कार्यक्रमात मी पट्ट्या एकच घर सरकवल्या. आप्पांनी लवंग ठेवली, माझ्या बोटांकडे पाहिलं, मान हलवली आणि अंतरा असा घेतला की मांडव उठून उभा राहिला. विंगेत आल्यावर माझ्या पाठीत धपाटा घातला. "बघा! उतरवा म्हणत हुता."

पुढे दुसरं घर सरकवलं, मग तिसरं. मधल्या दोन पांढऱ्या ओलांडून आप्पांची काळी तीन आता आवाजानं काळी दोनवर आली होती. बोटं मात्र जिथल्या तिथं.

*

यात हाल झाले ते इतरांचे. युगलगीतात पट्टी दोघांना एकच. आप्पा खाली आले तशा सुमनताईही खाली गेल्या. एकदा विंगेत मला म्हणाल्या, "सर, अजून एक घर उतरलात तर मी मिशी लावून येईन."

मुनीरलाही प्रत्येक वेळी तबला उतरवायला लागायचा. एकदा आप्पांनी हातोडीचा आवाज ऐकला.

"मुनीर, तबला ढिला का करालायस?"

"पावसाळी हवा हाय, आप्पा."

"मे महिन्यात?"

"येणार हाय की."

आप्पा मुनीरकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी पेटीचा भाता पुसायला लागलो, तो स्वच्छ होता तरी.

*

आता जयसिंगपूर. आप्पांच्या मुलीचं लग्न तिथं झालं होतं आणि तिच्या सासऱ्यांनी गल्लीच्या कार्यक्रमाला आम्हाला हौसेनं बोलावलं होतं. काळी तीनच्या आप्पांचे व्याही म्हणून ते गल्लीत मिरवत होते. पहिल्या रांगेत सगळं सासर.

आप्पा सकाळच्या एसटीनं पुढे गेले. पेटीही त्यांनीच नेली. "मी हाय म्हटल्यावर ड्रायव्हर हळू घेतोय." आम्ही दुपारच्या रेल्वेनं गेलो. प्रवासात पट्ट्या मूळ जागी सरकवून ठेवायची माझी सवय होती, तशा त्या ठेवलेल्या होत्या.

पडदा उघडायच्या आधी मी पट्ट्या सरकवायला गेलो. हलेनात. जोर लावला. हलेनात. मुनीरनं लावला, तरी हलेनात.

"एसटीत आदळली असंल," मुनीर कुजबुजला. "आता?"

आता काय? बोट काळी तीनवर ठेवलं तर खरीखुरी काळी तीन वाजणार, आप्पांचा आवाज व्याह्यांसमोर फाटणार आणि ते तिथल्या तिथं गाणं सोडणार. काळी दोनवर ठेवलं तर त्यांना दिसणार. मी तिसरा मार्ग शोधत होतो. गणितात तो नेहमी असतो असं मी मुलांना सांगत आलोय.

पडदा उघडला. आप्पा माइकजवळ आले. लवंग गालात ठेवली. माझ्या बोटांकडे बघितलं. बोटं काळी तीनवर होती.

आप्पांनी मान हलवली नाही. मग माइक हातानं झाकून वाकले.

"डॉक्टर, लई घाम फुटलाय की."

"उकडतंय."

"जानेवारीत?"

मुनीर तबल्याकडे बघतोय. सुमनताई छताकडे.

"आज काळी दोन धरा," आप्पा म्हणाले. "जयसिंगपूरची हवा जरा पावसाळी हाय."

मी काळी दोन धरली; सुमनताईंच्या सर्दीनंतर मी सगळ्या पट्ट्या घरी घोटल्या होत्या. आप्पा गायले. वरची जागा त्यांनी अशी लावली की व्याही उभे राहून शेजारच्यांना सांगायला लागले, "ही बघा, ही काळी तीन."

कार्यक्रम संपल्यावर मुनीरनं विंगेत पेटी उघडली. पट्ट्या कशात अडकल्यात ते बघायला त्यानं काडेपेटीतली काडी ओढली आणि पट्ट्या ज्यांतून सरकतात त्या दोन्ही बाजूंच्या खाचा पिनेनं उकरल्या.

डाव्या खाचेतून एक लवंग निघाली. उजव्या खाचेतून एक.